दोन प्लॉट, एक घर: सोलापूरच्या बांधकाम परवानगीबद्दल दादाला पत्र

लीड्स, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले नकाशे आणि दोन्ही प्लॉटांचे कागद मिळाले. घर छान बसलंय. मधला चौक, पूर्वेचा व्हरांडा, आप्पांची खोली तळमजल्यावर आणि न्हाणीघराला लागून, हे सगळं पटलं. पण या नकाशांवर आज परवानगी मिळणार नाही. घर दोन प्लॉटांवर पसरलंय आणि कागदोपत्री ते दोन प्लॉट अजून वेगळे आहेत. त्यांच्यामधली हद्द बरोबर तुमच्या हॉलमधून जाते. आर्किटेक्टनं ती रेघ नकाशात काढलेलीच नाही. तपासणाऱ्याला मात्र सगळ्यात आधी तीच दिसेल.

महापालिकेच्या लेखी प्लॉट म्हणजे मंजूर लेआउटमधला एक नंबर. प्रत्येक नंबराला चारी बाजूंनी मार्जिन सोडावं लागतं, म्हणजे त्यांच्या भाषेत सामासिक अंतर. शेजारचा नंबर आपलाच असला तरी दोघांच्या मधल्या हद्दीपासून दोन्हीकडं मार्जिन लागू होतं. त्यामुळं आधी एकत्रीकरण, मग घर. पुष्कळ लोक दोन्ही एकाच फाइलमध्ये देतात. तसं चालतं, पण मालकीचा एक कागद अडला की बांधकामाची फाइलही त्याच्याबरोबर अडते. माझं मत असं की एकत्रीकरणाचा कागद पुढं जाऊ दे आणि तोवर घराचे नकाशे पक्के करून घ्या.

आपल्या बाबतीत मालकी हीच अडचण आहे. पहिला प्लॉट आप्पांच्या नावावर, दुसरा तुझ्या-माझ्या. अर्जावर तिघांच्याही सह्या लागतील. नावं वेगळी ठेवूनच एकत्र करायचं, की आधी आप्पांच्या प्लॉटचं काही बक्षीसपत्र वगैरे करायचं, हे वकिलाला विचारा. स्टँप ड्यूटी देणारा आणि घेणारा यांच्या नात्यावर बदलते. मुलाला दिलं तर एक हिशेब, भावानं भावाला दिलं तर दुसरा. हे आधी ठरवा, कारण एकत्रित प्रॉपर्टी कार्ड एकदा तयार झालं की नंतरचा प्रत्येक दस्त पूर्ण जागेचा होतो.

माझ्या सहीसाठी तुला खास कुलमुखत्यारपत्र पाठवतो. मसुदा तिथल्या वकिलाकडून करून घे, मी इथं नोटरीपुढं सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, घेतो. त्यात कामं नावानिशी लिहायला सांग: मोजणीचा अर्ज, एकत्रीकरणाचा अर्ज आणि त्याचे दस्त, नकाशांवर सह्या, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, चलन भरणं, जोते तपासणीची सूचना, भोगवट्याचा, म्हणजे घर वापरायच्या दाखल्याचा, अर्ज. ‘बांधकामासंबंधी सर्व कामे’ एवढंच मोघम लिहिलं तर कुणीतरी एका टेबलावर हमीपत्रासाठी वेगळा अधिकार मागतो. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका, त्याची गरज नाही. मूळ प्रत सोलापुरात पोचली की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याचं कलम १८ तसं सांगतं. कुरिअरचं पाकीट तारखेसकट जपून ठेव, कागद कधी आला याचा तोच पुरावा.

दलालानं मागची दोन गुंठ्यांची पट्टी बागेसाठी देऊ केली आहे म्हणालास. ती अजून सातबाऱ्यावर शेती आहे. तिला हात लावू नका. एक तर एवढासा तुकडा तुकडेबंदीत, म्हणजे शेतीचे लहान तुकडे विकण्याच्या बंदीत, अडकू शकतो. दुसरं म्हणजे परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळं त्या दस्तावर माझं नाव येऊच शकत नाही. वडिलोपार्जित आली तर गोष्ट वेगळी. शिवाय ती पट्टी लेआउटच्या बाहेर आहे, ती या एकत्रीकरणात बसणार नाही.

आता मोजणी. दोन्ही प्लॉट पंधरा मीटर रुंद आणि चोवीस मीटर खोल, म्हणजे ३६० अधिक ३६०, एकूण ७२० चौरस मीटर. साधारण ७,७५० स्क्वेअर फूट. पण हा आकडा लेआउटचा. जागेवर तारेचं कुंपण कुठं आहे आणि मोजणीत हद्द कुठं येते, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. भूमी अभिलेख खात्याकडं द्रुतगती मोजणीचा अर्ज कर आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत घे. लेआउट, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी या तिघांचे आकडे वेगवेगळे आले तर सगळ्यात कमी असेल ते क्षेत्र धरून चाला. हद्दवाढ भागात हा फरक नेहमीचा. १९९२ ला शहराची हद्द वाढली, त्याआधीचे कित्येक लेआउट ग्रामपंचायतीच्या काळातले आहेत आणि रस्ते कागदावर एक, जागेवर दुसरे आहेत. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटीस जातेच, पण तू स्वतः जाऊन त्यांना बोलाव आणि खुणा सगळ्यांसमोर रोवून घे. हद्दीचा वाद त्या दिवशी चहावर मिटतो. जोतं आल्यावर तोच वाद अर्ज होऊन महापालिकेत जातो.

त्याच फेरीत समोरच्या रस्त्याची रुंदी मोजून घे. तू नऊ मीटर म्हणतोस. मंजूर लेआउटवर नऊ आहे का, आणि जागेवर नऊ भरतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रस्त्यावरून पुढचं मार्जिन ठरतं, आणि किती बांधता येईल तेही. झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा ताजा काढ. पाच वर्षांपूर्वीची झेरॉक्स चालवू नकोस. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झालेला असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ४६ प्रमाणं त्याचाही विचार होतो. जुन्या नकाशात मोकळी दिसणारी जागा नव्यात रस्तारुंदीत गेली असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

एफएसआयबद्दल, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं त्याबद्दल, तुला कुणीतरी घाबरवलेलं दिसतंय. आकडे असे आहेत. महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि सोलापूर तिच्यात येतं. दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय १.१०. आपल्या ७२० मीटरला ७९२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेआठ हजार स्क्वेअर फूट. रस्ता खरोखर नऊ मीटर असेल तर प्रीमियम भरून ०.५० आणि टीडीआरनं, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क विकत घेऊन, ०.४० आणखी मिळू शकतो, एकूण दोनपर्यंत. रस्ता नऊच्या आत भरला तर १.१० वरच थांबायचं. तुमचं घर नकाशात ६,८०० फूट आहे. म्हणजे ६३२ मीटर. मूळ एफएसआयमध्येच ते बसतं, वर दीडशे मीटर उरतात. प्रीमियम, टीडीआर, पूरक क्षेत्र, यातलं काहीही विकत घ्यायची गरज नाही. टीडीआर स्वस्तात मिळवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाज आणि पाठव.

फक्त ते ६,८०० कसे मोजले ते आर्किटेक्टला विचार. पूर्वी जिना, बाल्कनी, लिफ्ट यांना सवलत असायची. नव्या नियमावलीत प्रत्येक मजल्याभोवती बाहेरून एक रेघ काढतात, तिला पी-लाइन म्हणतात, आणि तिच्या आतलं जवळपास सगळं मोजतात. जिनाही आला, बाल्कनीही आली. खांबांवरच्या पार्किंगला सूट आहे. तुमचा आकडा जुन्या सवयीनं बाल्कन्या वगळून काढला असेल तर खरा आकडा साडेसात हजारांवर जाईल. तरी बसतं, पण अर्जातला आकडा आणि नकाशातली रेघ जुळली पाहिजे.

ही जुळणी आता माणूस नंतर करतो, आधी संगणक करतो. अर्ज बीपीएमएस या ऑनलाइन प्रणालीतून जातो आणि नकाशा कॅडमध्ये ठरलेल्या लेअरवर द्यावा लागतो. घर नियमात असूनही फाइल इथं परत येते आणि कारणं अगदी क्षुल्लक असतात. प्लॉटची रेघ एका कोपऱ्यात जोडलेली नसते, त्यामुळं क्षेत्र शून्य येतं. एकावर एक दोन रेघा असतात, त्यामुळं खोली दोनदा मोजली जाते. माप लिहिलंय पंधरा मीटर आणि रेघ आहे १४.९६ ची. म्हणून दाखल करण्याआधी आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून एकदा तपासणीचा अहवाल काढायला सांग आणि त्यातली प्रत्येक लाल ओळ वाच. दुसऱ्या प्लॉटवरची वॉचमनची पत्र्याची खोली नकाशात दाखवा, पाडायचं म्हणून पिवळ्या रंगात. नवं बांधकाम लाल. ती खोली दाखवली नाही तर जागा पाहायला आलेला अभियंता तिचा फोटो काढणार आणि एक शेरा वाढणार.

तुझ्या नकाशातल्या तीन गोष्टी मला खटकल्या.

पहिली, दुमजली उंचीचा हॉल. राहत्या खोलीची उंची नियमात कमीत कमी २.७५ आणि जास्तीत जास्त ४.२ मीटर आहे. तुमचा हॉल ६.६ मीटर जातो. घरात चौक आहे, वरच्या मजल्यावरून हॉल दिसतो, हे सगळं छेदनकाशात, म्हणजे सेक्शनमध्ये, स्पष्ट दिसलं पाहिजे. आत्ता सेक्शन नेमका जिन्यातून कापलाय आणि हॉल त्यात येतच नाही. एक सेक्शन हॉलमधून घ्या आणि दाखल करण्याआधी नगररचना विभागात तोंडी विचारून घ्या की वरची पोकळी कशी धरणार. हा मुद्दा चलन निघताना समजला तर सगळा हिशेब उलटतो.

दुसरी, वरच्या मजल्यावरचं दुसरं स्वयंपाकघर. वहिनींना ते हवंय ते कळतं, पण जिना वेगळा, दार वेगळं आणि ओटा वेगळा दिसला की ते दुसरं सदनिकेचं युनिट ठरतं, आणि पार्किंगचा हिशेब युनिटवर होतो. खरंच दोन बिऱ्हाडं राहणार असतील तर सरळ दोन दाखवा. नुसता चहापुरता ओटा असेल तर तो पँट्री म्हणून दाखवा आणि जिना घरातूनच ठेवा.

तिसरी, कंपाउंड. तुम्ही आठ फूट दगडी भिंत काढलीय. पुढची भिंत भरीव ठेवायची असेल तर दीड मीटरपर्यंत. त्यावर जाळी किंवा ग्रिल लावून एकूण २.४ मीटर करता येते, म्हणजे आठ फूट होतीलच, फक्त वरचे तीन फूट आरपार दिसले पाहिजेत. आपला प्लॉट कोपऱ्याचा आहे, तिथं रस्ते मिळतात त्या बाजूला दहा मीटरपर्यंत भरीव भाग पाऊण मीटरच. वळणावर गाडी दिसावी म्हणून हा नियम आहे आणि तो मला योग्य वाटतो.

एकत्रीकरण झाल्यावर आणखी एक गोष्ट लागू होते, ती वेगवेगळ्या प्लॉटांना लागू नव्हती. ५०० चौरस मीटर किंवा जास्त जागेला पावसाचं पाणी जिरवण्याची किंवा साठवण्याची सोय सक्तीची आहे. ३६० वर नव्हती, ७२० वर आहे. केली नाही किंवा करून बंद पाडली तर दर शंभर मीटर बांधकामाला वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणी करता येते. तुमच्या घराला ते फार नाही, पण सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं हे मी तुला सांगायला नको. आपल्याकडं वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. तुमचं छत अडीचशे मीटर धरलं आणि वीस टक्के वाया गेलं तरी लाखभर लिटर होतात. काळ्या मातीत नुसता शोषखड्डा काढून उपयोग नाही, रेगडी ओली झाली की फुगते आणि पाणी वरच थांबतं. खड्डा मुरमापर्यंत न्या किंवा बोअरजवळ गाळणी करून तिथं सोडा. सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्यालाही हेच लागू. तुमच्या गल्लीत ड्रेनेज आलेलं नसेल तर त्याची जागा नकाशात दाखवा, आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून ती लांब ठेवा. टाकीचा हिशेब सोपा: माणशी १३५ लिटर, सहा माणसं, पाच दिवस, म्हणजे चार हजार. पाहुणे आणि झाडं धरून दहा हजार लिटरची करा.

होटगी रोडच्या विमानतळाचं आता. साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या आड येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली तेव्हापासून उंचीच्या मर्यादा सगळ्या गावाला पाठ झाल्या आहेत. दुमजली घराला सहसा अडचण येत नाही, पण धावपट्टीच्या रेषेतली जागा असेल तर येऊ शकते. विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागणार का, हे आर्किटेक्टनं अक्षांश-रेखांश घालून आधीच पाहावं. तिथं उंची जमिनीपासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. सोलापूरच साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. त्यामुळं जागेची नेमकी पातळी सर्व्हेअरकडून लिहून घ्यावी लागते. आणि घराची उंची म्हणजे स्लॅब नव्हे. पाण्याची टाकी, लिफ्टचं डोकं, वीजवाहक सळई, जे सगळ्यात वर असेल ते. टाकी नकाशात न दाखवता नंतर चढवणारे फार आहेत.

मागच्या बाजूनं जाणारी ११ केव्हीची लाइन फोटोत दिसते. तिच्यापासून आडवं अंतर १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर ठेवा, आणि ते बाल्कनीच्या कठड्यापासून मोजा.

पैशांचं म्हणशील तर छाननी शुल्क, विकास शुल्क, सुरक्षा ठेव, राडारोड्याची ठेव आणि कामगार उपकर. उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का. दीड कोटीचं काम धरलं तर दीड लाख. खर्च आपण सांगू तो नसतो, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दर तक्त्याच्या, बांधकाम दरावर काढतात. विकास शुल्कही रेकनरवरच चालतं. रेकनरचे दर १ एप्रिलला बदलू शकतात, म्हणून चलन ३१ मार्चच्या आत निघेल असं पाहा. महापालिकेची घरपट्टी आणि खुल्या प्लॉटचा कर थकलेला नको, थकबाकी नसल्याचा दाखला पहिल्याच पानाला मागतात. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही. रेराची नोंदणी स्वतःच्या घराला लागत नाही.

वेळेबद्दल. दीडशे मीटरपर्यंतच्या प्लॉटला नुसती पावती म्हणजे परवानगी आणि तीनशेपर्यंत दहा दिवस, हे तू ऐकलंस ते खरं आहे, पण आपण त्यात बसत नाही. आपल्याला नगररचना कायद्याच्या कलम ४५ चे साठ दिवस. त्यातही खोच आहे. महापालिकेनं काही विचारलं तर साठ दिवस आपलं उत्तर पोचल्यापासून पुन्हा मोजतात. त्यामुळं त्रुटींचं पत्र आलं की एकेक कागद नेऊन देऊ नका. सगळं जमवा आणि एकदाच, पोच घेऊन द्या. साठ दिवस उलटले म्हणजे परवानगी मिळाल्यासारखीच, असं म्हणून काम सुरू करणारे भेटतील. मानीव परवानगी कायद्यात आहे, पण नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच. कुठं अर्धा फूट चुकला असेल तर ते बांधकाम अनधिकृतच. नाकारलं तर चाळीस दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडं अपील करता येतं, पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये.

इथं इंग्लंडमध्ये शेजाऱ्यांना कळवतात, लोक खिडक्यांच्या आकारावर आणि विटांच्या रंगावर हरकती लिहितात, आणि एका घराच्या अर्जाचा निर्णय आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. निकाल काय लागेल ते छातीठोक सांगता येत नाही, कारण घर कसं दिसतं यावर मत देता येतं. सोलापुरात तसं नाही. तुमचं घर कसं दिसतं याच्याशी इंद्रभुवनाला, म्हणजे महापालिकेला, घेणं नाही, मापाशी आहे. म्हणजे अर्ज देण्याआधीच घरी बसून उत्तर काढता येतं. ‘देऊन तर बघू’ म्हणून आपलेच महिने जातात.

परवाना हातात आला की तो वर्षभराचा असतो. वर्षात जोत्यापर्यंत काम आलं नाही तर मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं, असं एकूण चार वर्षांपर्यंत चालतं. जोतं पूर्ण झालं की थांबा. पुढची वीट लावू नका. जोते तपासणीची सूचना आर्किटेक्टकडून द्या आणि दाखला घ्या. इथं दोन नेहमीच्या चुका सांगतो. पहिली, गवंडी रेघ आखताना हद्दीच्या खुणेवरून न धरता कुंपणाच्या तारेवरून धरतो आणि घर नऊ इंच सरकतं. दुसरी, मार्जिन अगदी काठोकाठ ठेवतात आणि नंतर बाहेरून चार इंची दगडी क्लॅडिंग लावतात. मोजणारा दगडापासून मोजतो. म्हणून चारी बाजूंनी नियमापेक्षा किमान सहा इंच जास्त सोडा. तुमच्याकडं तीस मीटर रुंदी आहे, सहा इंचांनी काही बिघडत नाही.

आतल्या भिंती हलवल्या, स्वयंपाकघर आग्नेयेला नेलं, तर पी-लाइन तीच असेपर्यंत आधी परवानगी लागत नाही, पूर्णत्वाच्या नकाशात दाखवलं की झालं. जिना बाहेर सरकला किंवा व्हरांडा वाढला तर सुधारित नकाशा लागतो. आत्याच्या वास्तुतज्ज्ञांना बोलवायचंच असेल तर नकाशा दाखल करायच्या आधी बोलवा. स्लॅब पडल्यावर त्यांनी ईशान्य शोधली तर खर्च आपला.

स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वस्तातला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा हादरा आपल्या घरात सगळ्यांना जाणवला होता. तुमच्या घरात खांब कमी आणि हॉल मोठा आहे. काळी माती किती खोल आहे ते तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन पाहायला सांग, पाया मुरमावर किंवा खडकावर गेला पाहिजे. त्याचं हमीपत्र फाइलला लागतंच, पण कागदासाठी सही देणारा आणि सळई बांधताना जागेवर येणारा, यातला दुसरा घे.

शेवटचा कागद भोगवट्याचा. वास्तुशांत झाली, राहायला गेलो, आता कशाला, म्हणून पुष्कळ लोक तो घेतच नाहीत. घराचं कर्ज, नळजोडणी, उद्या विक्री, सगळं तिथं अडतं आणि अनधिकृत बांधकाम ठरलं तर मोठ्या घराला करावर दुप्पट शास्ती बसते. भोगवट्याला नेमकं काय आड येतं ते आत्ताच लिहून ठेव: पार्किंगच्या जागी बांधलेली खोली, बंद करून घेतलेला पोर्च, गच्चीवर नंतर चढवलेले पत्रे, पावसाच्या पाण्याचा न सापडणारा खड्डा आणि लिफ्टचा परवाना. लिफ्ट घरापुरती असली तरी विद्युत निरीक्षकाची परवानगी लागते, बसवण्याआधी एक आणि चालवण्याआधी एक. आप्पांसाठीच लिफ्ट घेताय तर कंपनीला ऑर्डर देतानाच ते काम कोण करणार हे लिहून घ्या.

प्लॉटवरची दोन लिंबाची झाडं नकाशात दिसत नाहीत. उत्तरेच्या मार्जिनमध्ये आहेत, वाचतात. मूळ जागेवर दाखवा. तोडायची झाली तर वृक्ष प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागेल, आणि आईनं लावलेली आहेत.

आप्पांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मोजणीची ‘क’ प्रत आली की फोटो नको, पूर्ण स्कॅन करून पाठव. फोटोत कडा वाकतात आणि मापं वाचता येत नाहीत. ती येईपर्यंत आर्किटेक्टला एलेव्हेशनचे पुढचे पैसे देऊ नकोस.